मोहरीचं रोप विकत घेताय? आधी मूळ बघा

कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीकडं तंबाखूचा, मिरचीचा तरू (लावणीची रोपं) विकत आणायची जुनी सवय. तंबाखूचं रोप सहा-सात आठवड्यांचं झालं की लावतात, त्यामुळं उंच, जाड देठाचं रोप म्हणजे चांगलं असं डोळ्यात बसलंय. मोहरीच्या रोपांत फसवणूक झाली ती इथंच. सोयाबीन उशिरा निघालेलं, पेरणीची वेळ टळत आलेली. ‘संकरित रोपं, माल आम्हीच उचलणार’ म्हणत विकणाऱ्यानं एक रोप एका रुपयाला दिलं. दीड फूट बाय एक फुटावर एकरी २९ हजार रोपं बसतात. तेवढे रुपये आगाऊ गेले.

रोपं वीतभर, हिरवीगार. पण पाच आठवडे ट्रेमध्ये अडकलेली. मोहरीला सोटमूळ असतं. कपाच्या तळाला टेकलं की ते गोल वळतं आणि रानात लावल्यावरही सरळ खाली जात नाही. रोप उपसून बघा: मुळं-मातीच्या गड्डीच्या बुडाला तपकिरी मुळ्यांचं कडं दिसतं, शेंड्याची पानं बाजूला केली की बारीक फिकट कळ्यांचा घोस. म्हणजे रोप फुलावर आलंय, फांद्या फुटायला त्याला वेळच नाही. गुडघ्याखालीच फुलतं, शेंगा मोजक्या धरतात. पुढं कितीही युरिया टाका, ते भरून येत नाही.

मोहरीच्या नावावर कोबीची रोपंही खपतात, कारण दोन्हींची पहिली जोडपानं सारखीच, बदामी. खरं पान आलं की ओळख पटते: मोहरीचं खरबरीत, बारीक लव असलेलं, कोबीचं गुळगुळीत, निळसर.

पावती कन्नडमध्ये होती, तिच्यावर नुसतं ‘ससी’. ससी म्हणजे रोप. मोहरीला ‘सासिवे’ म्हणतात. पिकाचं नाव, वाण, लॉट नंबर काहीच नाही. हे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

खरं तर रोपं स्वतःच तयार केली तर एकराला बी लागतं दीडशे ग्रॅम, मरणारी रोपं धरून दोनशे. निळ्या टॅगचं प्रमाणित बी घ्या, गादीवाफ्यावर बोटभर अंतरानं, अर्धा इंच खोल टाका. पाणी साचू देऊ नका, रोपं मानेत कुजतात. चार पानांवर, साधारण १५ ते १८ दिवसांत, संध्याकाळी लावा आणि लगेच पाणी द्या.

फसलाच असाल तर रान लगेच नांगरू नका. मुळांसकट रोपं, रिकामे ट्रे, पावती जपून ठेवा आणि रैत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात) लेखी तक्रार देऊन पंचनामा मागा. १९६६ च्या बियाणे कायद्यातल्या ‘बियाणे’ या शब्दात रोपंही येतात.