मेलॉक्सिकॅम, आठ महिन्यांनंतर: म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आणि बाटलीवर न सापडणाऱ्या गोष्टी

आधी कुत्रा आणि औषध. लॅब्राडोर, वय १२, सुरुवातीचं वजन ३० किलो, दोन्ही खुब्यांत आणि डाव्या कोपरात संधिवात, एक्स-रेमध्ये दिसलेला. औषध कुत्र्यांसाठीचं पातळ मेलॉक्सिकॅम (सूज आणि दुखणं कमी करणारं), दर मि.ली.मध्ये १.५ मि.ग्रॅ. काळ जून ते जानेवारी, म्हणजे बेळगावचा पाऊसही आला आणि थंडीही. थोडक्यात मत असं: दुखणं नक्की कमी होतं, आणि नीट मोजून एकटं दिलं तर बहुतेक कुत्र्यांना सोसतं. घात होतो तो बहुधा त्याच्या जोडीला पोटात गेलेल्या दुसऱ्या औषधाने.

डोसचा हिशोब सोपा आहे. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मि.ग्रॅ., पुढे रोज एकदाच ०.१. ३० किलोला पहिल्या दिवशी ४ मि.ली., दुसऱ्या दिवसापासून २ मि.ली., म्हणजे ३ मि.ग्रॅ. दवाखान्यात आधीच मेलॉक्सिकॅमचं इंजेक्शन झालं असेल तर तोच पहिला डोस. पातळ औषध २४ तासांनी, तेही ०.१ ने सुरू होतं. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावं. कुत्र्याच्या अंगातून निम्मं औषध उतरायला सुमारे एक दिवस लागतो, म्हणून दिवसातून दोनदा द्यायचं नाही आणि एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही.

मोजण्यातच जास्त चुका होतात. हे औषध ०.५ आणि १.५ अशा दोन ताकदींत मिळतं. बाटली बदलली, सिरिंज जुनीच राहिली, तर डोस एकदम तिप्पट किंवा एक तृतीयांश. काही बाटल्यांसोबतच्या सिरिंजवर मि.ली.ऐवजी कुत्र्याच्या किलोंच्या खुणा असतात, ती सिरिंज फक्त त्याच बाटलीची. घरात इन्सुलिनची लाल टोपीची सिरिंज असते, तिच्यावर ४० ची खूण म्हणजे १ मि.ली.; तिने औषध मोजायला जाऊ नये. साधी २ किंवा ५ मि.ली.ची सिरिंज, सुई काढून, मेडिकलमध्ये कुठेही मिळते. औषध तळाला बसतं, त्यामुळे बाटली न हलवता ओतली तर सुरुवातीला फिकं आणि शेवटी जास्त जातं.

नेहमी खाण्यावरच. भाकरी-दूध किंवा भात-चिकन अर्धं खाऊन झालं की उरलेल्या घासावर. सकाळी खाल्लं नाही तर त्या दिवशी औषधही नाही, हा नियम न मोडणं फायद्याचं. (गोळ्या कुंद्यात लपवायची कल्पना बेळगावात सगळ्यांनाच सुचते. साखर, खवा आणि तुपाचा भार म्हाताऱ्या लठ्ठ कुत्र्यावर नको. गोळीला बोटभर दही पुरतं.)

परिणाम तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसला: उठताना मागचे पाय ओढणं कमी, कट्ट्याच्या तीन पायऱ्या न थांबता. दहा दिवसांत काहीच फरक पडला नाही तर तेच रेटत बसू नये, निदान पुन्हा तपासावं. आपल्याकडे तर सुरू करण्याआधीच तपासावं, कारण लंगडणारा प्रत्येक म्हातारा कुत्रा संधिवाताचा नसतो. पावसाळ्यानंतर गोचीड वाढते, आणि गोचिडीच्या तापात सांधे सुजतात, प्लेटलेट उतरतात. अशा रक्तावर मेलॉक्सिकॅम पडलं तर नाकातून, हिरड्यांतून किंवा आतड्यात रक्त सुटण्याचा धोका वाढतो. म्हणून सुरुवातीला रक्ताची पूर्ण मोजणी, क्रिएटिनीन आणि युरिया (मूत्रपिंडासाठी), एएलटी (यकृतासाठी) आणि लघवीची तपासणी; मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, नंतर दर तीन-चार महिन्यांनी. इथे क्रिएटिनीन १.१ वरून १.३ वर गेलं, एएलटी जागच्या जागी. एका आकड्यावरून काही ठरत नाही, रिपोर्ट जपून ठेवून चढ बघायचा. मुधोळ जातीच्या कुत्र्यांचे मालक या भागात बरेच आहेत, त्यांच्यासाठी: तशाच बांध्याच्या ग्रेहाउंडमध्ये क्रिएटिनीन निरोगी असतानाही थोडं वरचं असतं. शिकारी बांध्याच्या कुत्र्याचा आकडा त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघणं बरं.

दहा आठवड्यांनंतर डॉक्टरांना विचारून डोस उतरवला. २ मि.ली.वरून १.७, मग १.५, मग १.३, प्रत्येक पायरी दोन आठवडे. १.१ ला सकाळचं आखडणं परत आलं, म्हणून १.३ वर मुक्काम. दरम्यान वजन ३० वरून २७.५ झालं, आणि डोस कमी होण्यात त्याचा वाटा औषधाइतकाच धरावा. लठ्ठ कुत्र्याचं वजन सहा-सात टक्के उतरलं तरी लंगडणं कमी होतं. त्यासाठी काही विशेष केलं नाही: रोजचं खाणं तराजूवर मोजलं आणि दुपारची बिस्किटं बंद.

आता दुष्परिणाम. पहिल्या दोन आठवड्यांत दोनदा पातळ शी, एकदा पिवळी उलटी. उलटी एकदाच, खाणं चालू, तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन. पण डांबरासारखी काळी चिकट शी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, किंवा सलग दोन वेळा अन्नाकडे पाठ, यात वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. काळीज खाऊ घातलं किंवा लोहाचं टॉनिक चालू असलं तरी शी काळी होते. शंका असेल तर ओल्या पांढऱ्या कापडावर थोडी दाबावी. कडेला तांबूस डाग पसरला तर रक्त समजून चालावं. मूत्रपिंडाची खूण पाण्यात असते. भांडं सकाळी मापून भरायचं, रात्री उरलेलं मोजायचं. किलोमागे दिवसाला १०० मि.ली.च्या वर पाणी जायला लागलं, म्हणजे या कुत्र्याला पावणेतीन लिटरच्या पुढे, तर रक्त तपासायचं. उलट्या-जुलाब किंवा ऊन लागून अंगातलं पाणी कमी झालं असेल त्या दिवशी औषध बंद. अथणी, रायबागच्या एप्रिलमध्ये हे जास्त लक्षात ठेवावं लागतं.

जोडीच्या औषधांवर जास्त लिहायला हवं. सीमाभागात कुत्र्याचा एक्स-रे कोल्हापूरला होतो आणि खाजेचं इंजेक्शन निपाणीत किंवा चिकोडीत. दोन दवाखाने, दोन चिठ्ठ्या, एकाची दुसऱ्याला कल्पना नाही. खाजेच्या इंजेक्शनात किंवा गोळीत पुष्कळदा स्टिरॉइड असतं, प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन. स्टिरॉइड आणि मेलॉक्सिकॅम एकत्र म्हणजे पोटात व्रण, कधी जठराला भोकच. दोन्हींत पाच ते सात दिवसांचं अंतर हवं, लांब टिकणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शननंतर त्याहून जास्त. कार्प्रोफेनवरून (याच गटातलं दुसरं औषध) मेलॉक्सिकॅमवर येतानाही अशीच सुट्टी. हृदयासाठी एनालाप्रिल आणि फ्युरोसेमाइड चालू असलेल्या कुत्र्यात मेलॉक्सिकॅम तिसरं आलं की मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. चालू औषधांचा कागद कुत्र्याच्या पट्ट्याबरोबर खुंटीला अडकवून ठेवला की दोन्हीकडे आपोआप जातो.

घरातल्या गोळ्यांचं काय? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, काहीही नाही. आजोबांच्या गुडघ्याला चोळलेलं डायक्लोफेनॅकचं मलमसुद्धा कुत्रा चाटतो, तेही पोटातच जातं. माणसांची मेलॉक्सिकॅमची गोळी ७.५ किंवा १५ मि.ग्रॅ.ची, तिचे ३ मि.ग्रॅ.चे तुकडे नीट होत नाहीत. आणि गोठ्यातली बोलस, म्हणजे गुरांची मोठी गोळी, तर नकोच. गुरांसाठी १०० मि.ग्रॅ.ची येते, सोबत बहुधा पॅरासिटामॉल. अर्धी दिली तरी ३० किलोच्या कुत्र्याला रोजच्या डोसच्या सोळा-सतरा पट. गुरांचं मेलॉक्सिकॅम गावोगावी असण्याचं कारण मात्र चांगलं आहे: गिधाडांच्या मरणामुळे २००६ मध्ये गुरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही, आणि मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं. गिधाडाला चालतं म्हणून कुत्र्याला कितीही चालेल, असा अर्थ कोणी काढू नये.

सोबत गॅसची गोळी रोज द्यावी का? नुसती सवय म्हणून नाही. व्रणाची शंका असेल तर ओमेप्राझोल किलोमागे १ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. ट्रॅमाडॉलचा नाद सोडावा. कुत्र्याच्या अंगात त्याचा वेदना मारणारा भाग फार कमी तयार होतो, संधिवातात उपयोग जवळपास दिसत नाही, गुंगी मात्र येते.

डिसेंबरात रात्रीचा त्रास वाढला तेव्हा मेलॉक्सिकॅम न वाढवता गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) जोडलं. १०० मि.ग्रॅ.ची एक कॅप्सूल रात्री, आठवड्याने दोन. पहिले तीन दिवस मागचे पाय डगमगले, चौथ्या दिवशी सावरले. ते काही दिवस जिन्याला फळी आडवी ठेवावी. माणसांचं पातळ गॅबापेंटिन घेऊ नये, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) असू शकतं आणि ते कुत्र्याला विष. बंद करताना आठवडाभर उतरवत न्यावं, एकदम नाही.

फरशीवर खर्च थोडा, गुण मोठा. गुळगुळीत टाइल्सवर औषध घेतलेला कुत्राही घसरतो आणि दुखावतो. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत रबरी मॅटची पट्टी, झोपायला चवाळ्यावर जाड घोंगडं, आणि नखं दर तीन आठवड्यांनी. खानापूरकडच्या पावसात फिरणं बंद झालं की नखं झिजत नाहीत, वाढलेल्या नखांनी पंजा उचलला जातो आणि सगळा भार कोपरावर येतो. जुलैत डोस वाढवायची वेळ आली असं वाटलं होतं; नखं कापल्यावर चाल दोन दिवसांत सुधारली.

सध्या रोज १.३ मि.ली. सकाळी, रात्री गॅबापेंटिन २०० मि.ग्रॅ., पुढचं रक्त मार्चअखेर, उन्हाळा चढायच्या आत.