भरून घ्यायच्या गॅस टाक्या: मोटरहोममध्ये चौदा महिने

आमच्या मोटरहोमला, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीला, दुकानात बदलून घ्यायच्या टाक्यांऐवजी पंपावर स्वतः भरता येणाऱ्या गॅस टाक्या बसवून चौदा महिने झाले. आधी हिशोब सांगतो, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. एक ११ किलोची आणि एक ६ किलोची टाकी, गाडीच्या बाहेरच्या अंगाला बसवलेलं भरण्याचं तोंड, स्टीलचे पाइप, फिल्टर आणि मजुरी मिळून ७५० पौंड गेले. चौदा महिन्यांत १९० लिटर एलपीजी भरला, त्याचे १६५ पौंड झाले. लिटरमागे अर्ध्या किलोपेक्षा जरासा जास्त गॅस येतो, म्हणजे हे जवळपास ९७ किलो. पूर्वीसारख्या ६ किलोच्या टाक्या बदलून घेतल्या असत्या तर सोळा लागल्या असत्या आणि आमच्या भागातल्या भावाने ४८० च्या आसपास गेले असते. वाचले ३१५. घातलेले पैसे वसूल व्हायला अजून दीड वर्ष तरी जाईल. नुसते पैसे वाचवायला घेणार असाल तर पुढे नाही वाचलंत तरी चालेल.

आम्ही पैशासाठी घेतल्याच नव्हत्या. आम्ही इंग्लंडातल्या स्विंडनला राहतो, गाडी जुनी, माणसं चार, आणि विजेचं कनेक्शन असलेल्या कॅम्पसाइटवर आम्ही क्वचितच उतरतो. त्यामुळे फ्रिज, हीटर, गरम पाणी, शेगडी सगळं गॅसवर. इंग्लंडात टाकीची रीत आपल्याकडच्यासारखीच आहे: रिकामी द्या, भरलेली घ्या. पण भारतात घरी १४.२ किलोचं सिलिंडर शेवटच्या फुंकरीपर्यंत वापरता येतं, कारण दुसरं कोपऱ्यात उभं असतं. गाडीत सहलीला निघताना टाकीत दोन किलो उरलेत असं कळलं की करायचं काय? ते दोन किलो दुकानदाराला फुकट देऊन नवी आणायची, नाहीतर रात्री दोनला हीटर गार पडला की पायजम्यावर बाहेर जाऊन, टॉर्च दातात धरून, पान्याने उलट्या आट्यांचा नट फिरवायचा. मी हे तीन हिवाळे केलं. शिवाय इंग्लिश चॅनल ओलांडून युरोपात गेलं की ब्रिटिश टाकी कोणी बदलून देत नाही. प्रत्येक देशाची टाकी वेगळी, तोंड वेगळं. कॅम्पिंगाझची छोटी निळी ९०७ सगळीकडे मिळते, पण तिच्यात ब्यूटेन गॅस पावणेतीन किलो. आमच्या घरच्या भूक आणि थंडीपुढे ती किती टिकणार!

आता पेट्रोल पंपावर जायचं, बाहेरचं झाकण उघडायचं आणि पाहिजे तेवढं भरायचं. पाच लिटर तर पाच लिटर. वाचायला किरकोळ वाटतं, पण आमची सगळी सवय यामुळे बदलली. हीटर लावू का नको, ही रोजची चर्चा घरातून गेली.

पहिल्यांदा भरताना मात्र हात थरथरत होते. ब्रिटनमध्ये पंपाची तोटी बायोनेट पद्धतीची: खोचायची, फिरवायची, खिट्टी ओढायची. मग पंपावरचं बटण दाबून धरायचं, बोट उचललं की पंप थांबतो. टाकीच्या आत तरंगणारा गोळा असतो, ८० टक्के भरलं की तो तोंड बंद करतो. वरचा वीस टक्के भाग रिकामा राहायलाच हवा, कारण ऊन लागलं की द्रव फुगतो. तोटी काढताना मोठ्याने ‘फुस्स’ होतं आणि पांढरी वाफ निघते. हातमोजे घाला. मी एकदा नाही घातले, तर बोटाला बर्फाने असा चटका बसला की तव्याचा बरा. आणि गाडी उतारावर उभी असेल तर तो गोळा फसतो: एकदा बारा लिटरची जागा असताना सात लिटरलाच पंप थांबला. गाडी चार मीटर पुढे सपाटीवर घेतली, उरलेला गॅस मुकाट आत गेला.

युरोपात पंपांच्या तोट्या वेगळ्या, त्यासाठी पितळी अडॅप्टर घ्यावेच लागतात. फ्रान्स आणि इटलीत ‘डिश’ नावाचा प्रकार, जर्मनी-बेल्जियममध्ये अ‍ॅक्मे, स्पेन-पोर्तुगालमध्ये युरो नोझल. तिन्ही एका जुन्या मोज्यात घालून ठेवलेत. सुट्या टाक्या भरायला फ्रान्समध्ये बऱ्याच पंपांवर मनाई लिहिलेली असते, पण तोंड गाडीच्या बाहेर पक्कं बसवलेलं असलं की आम्हाला कोणी हटकलं नाही. इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या बोगद्यातून जातानाही घरगुती वापराचा गॅस ठरलेल्या मर्यादेत चालतो, फक्त टाक्या बंद असाव्या लागतात. एलपीजीवर पळणारी गाडी असेल तर मात्र तिथे प्रवेश नाही.

बसवणाऱ्याबद्दल दोन शब्द. काम सुबक दिसत होतं. घरी आल्यावर आपली जुनी खोड म्हणून वाटीत साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने प्रत्येक सांध्याला लावलं. तिसऱ्या सांध्यावर मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, परत आला. वास अजिबात येत नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडी परत नेली, त्याने नट पाव फेरा आवळला आणि खांदे उडवले. कोणाकडूनही बसवून घ्या, साबणाचं पाणी स्वतः लावा.

याच विषयावर बाबांची गोष्ट. ते कोल्हापुराहून आले होते तेव्हा आम्ही नोव्हेंबरात वेल्सला गेलो. सकाळी बघतो तर टाक्यांच्या कप्प्यात तळाला जे भोक असतं त्यात व्यवस्थित घडी करून फडकं कोंबलेलं. “केवढं वारं येतंय रे खालून, मी बुजवलं ते.” मी म्हटलं, “अहो बाबा, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालून निघून जायला पाहिजे ना!” बाबांनी फडकं काढलं, पण ज्या माणसाने घराला भोक पाडून ठेवलं त्याच्याविषयीचं त्यांचं मत काही बदललं नाही.

आता तक्रारीचा भाग. ब्रिटनमध्ये एलपीजीचे पंप कमी होत चालले आहेत. गाड्या उरल्या नाहीत म्हणून पंप काढतात, पंप नाहीत म्हणून लोक गाड्या घेत नाहीत. जानेवारीत स्कॉटलंडला अ‍ॅव्हिमोरजवळ होतो, रात्री उणे सहा. हीटर रोजचा दीड-दोन किलो गॅस खात होता. ॲपमध्ये पस्तीस मैलांवर पंप दिसला म्हणून गेलो, तर तिथे सिमेंटचा चौथरा आणि चार बोल्ट. पंपच उचलून नेलेला. काउंटरवरच्या मुलीने हसून सांगितलं, “तो गेला की, झाला बराच काळ.” पुढचा पंप सापडेपर्यंत आम्ही स्वेटरांवर स्वेटर चढवून बसलो. आता मी निघण्याआधी पंपाला फोन करतो आणि टाकी निम्म्यावर आली की भरतो. म्हणजे ज्या काळजीतून सुटायला हे घेतलं, ती उत्तर स्कॉटलंडात वेगळ्या दाराने परत आत आली.

त्याहून जास्त शिकवलं स्पेनने. फेब्रुवारीत आंदालुसियात टाक्या भरल्या, लिटरचा दर बघून खूश झालो, आणि इंग्लंडला परतायला उत्तरेतल्या सांतांदेरची बोट धरायला वर येताना दोन दिवस पिकोस दे यूरोपाच्या डोंगरात ‘फुएंते दे’ इथे थांबलो. पहाट उणे चार. हिने भाकरी तव्यावरून काढून ज्योतीवर टाकली आणि ती फुगेना. पापुद्रा तसाच निपचित. ज्योत बघितली तर करंगळीच्या नखाएवढी. हीटर आधीच बंद पडून लाल दिवा दाखवत होता. गॅस किती उरला ते दाखवणारा काटा म्हणत होता, अर्धी टाकी शिल्लक.

काटा खरं सांगत होता. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचं मिश्रण. टाकीत गॅस होता, पण त्यातला बराच ब्यूटेन. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो, ब्यूटेन शून्याच्या आसपासच उकळायचं थांबतो. दक्षिणेकडच्या मिश्रणात ब्यूटेन जास्त असतो, ऊब असताना ते चालतं. शिवाय प्रोपेन आधी उडून जातो, म्हणजे टाकी जितकी वापराल तितका मागे ब्यूटेनच उरतो. त्याच मरतुकड्या ज्योतीवर वीस मिनिटं ठेवून कोमट केलेल्या पाण्यात पंचा भिजवून टाकीभोवती गुंडाळला, तेव्हा कुठे चहा झाला. भाकऱ्या दहानंतर, कप्प्यावर ऊन आल्यावर.

तेव्हापासून एक युक्ती करतो. निघताना ११ किलोची टाकी ब्रिटनमध्ये पूर्ण भरायची, इथल्या गॅसमध्ये प्रोपेनच जास्त असतो, आणि तिचा कॉक बंद ठेवायचा. दक्षिणेत फक्त छोटी टाकी वापरायची आणि तीच भरत राहायची. दोन्हींना तोंड एकच असलं तरी भरलेल्या टाकीचा गोळा नवीन गॅस आत घेत नाही. थंडीत शिरलो की मोठी उघडायची.

काट्याबद्दल: चार दिव्यांचा आहे. निम्म्यापर्यंत तीन दिवे, मग एका संध्याकाळीत एकावर. त्यापेक्षा जुना उपाय चांगला: टाकीवर वरून गरम पाणी ओता आणि हात फिरवा, जिथून गार लागतं तिथपर्यंत गॅस. घरच्यासारखं वजनकाट्यावर ठेवून बघायची सोय नाही, कारण टाक्या पक्क्या बसवलेल्या.

फिल्टर मला विकणाऱ्याची चलाखी वाटली होती. वर्षाने उघडला तर तळाशी चमचाभर पिवळट, चिकट, उग्र वासाचं तेल निघालं. नळ्यांमधून आणि गॅसमधूनच येतं म्हणतात, आणि तेच रेग्युलेटरमध्ये जाऊन बसलं की रेग्युलेटर गेला. फिल्टरवर पैसे वाचवू नका. रबरी नळीपेक्षा स्टीलची घ्या.

ओळखीच्या एका जोडप्याने परवा विचारलं, आम्हीही बसवू का? ते वर्षातून तीन वीकएंड जातात, तेही वीज असलेल्या जागी. मी सरळ नको म्हटलं. त्यांना एक ६ किलोची बदलून घ्यायची टाकी दोन वर्षं पुरेल.

आमच्या जुन्या दोन लाल टाक्या अजून गॅरेजात आहेत. परत करायच्या म्हणतो, पण अनामत रकमेची पावती मी कुठे ठेवली ते आठवत नाही. एक तर भरलेलीच आहे. दिवाळीत मागच्या अंगणात तिच्यावर चकल्या तळल्या, तळणाचा वास घरात नको म्हणून. अजून दोन दिवाळ्या निघतील.