हॉकचे १/७२ किट आणि एअरब्रश : नागपुरात आठ महिने वापरल्यानंतर

नोव्हेंबर २०२२ मध्ये वायुसेना नगरातील एअर फेस्टमध्ये वायुसेनेच्या सूर्यकिरण या हवाई कसरतींच्या चमूची हॉक विमाने डोक्यावरून गेली, तेव्हापासून असे एखादे लाल-पांढरे विमान आपल्या हातांनी तयार करून कपाटावर ठेवावे, असे मनात होते. ते प्रत्यक्षात यायला बराच काळ गेला. गेल्या मार्चच्या मध्यावर मी हॉकचे १/७२ प्रमाणातील प्लास्टिकचे किट, दाबाच्या हवेने रंग फवारणारा, ०.३ मिलिमीटर नोझलचा डबल ॲक्शन एअरब्रश (हवा आणि रंग एकाच खटक्याने वेगवेगळे सोडणारा) आणि तीन लिटर टाकीचा लहान कॉम्प्रेसर असे सारे एकदमच मागवले. त्यानंतरच्या आठ महिन्यांत या एका मॉडेलवर तीन वेळा लाल रंग चढला, त्यांपैकी दोन वेळा तो पूर्ण उतरवावा लागला, आणि नोव्हेंबरात ते मनासारखे पुरे झाले. हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण असे की या छंदाविषयीची बहुतेक माहिती थंड देशांतील मंडळींनी लिहिलेली असते आणि ती त्यांच्या हवेपुरती अगदी खरी असते. पण तीच कृती नागपूरच्या हवेत केली तर रंग बिघडतो, आणि दोष एअरब्रशचा, रंगाचा की आपल्या हाताचा, हे नवख्याला कळत नाही.

आधी किटविषयी. खोक्यावर चित्र होते ब्रिटनच्या रेड ॲरोज या हवाई कसरतींच्या चमूचे, आणि मी मात्र ते सूर्यकिरणसाठी घेतले होते. दोन्ही चमू हॉकच उडवतात, तेव्हा रंग बदलला की काम झाले, अशी माझी समजूत होती. खोके उघडून छायाचित्रे शेजारी ठेवली, तेव्हा ती चुकीची ठरली. रेड ॲरोज १९८० च्या हंगामापासून उडवतात ते हॉक टी १, तर आपल्या वायुसेनेचे हॉक एमके १३२ हे नंतरच्या, सुधारित मालिकेतले आहे. त्याचे नाक लांब आणि वेगळ्या उताराचे आहे, आणि शेपटीच्या उभ्या पंखावर टी १ मध्ये नसलेले उंचवटे आहेत. पुट्टी लावून नाक वाढवता येते आणि काही जण तसे करतातही. पहिल्याच मॉडेलवर ते धाडस करायचे नाही आणि चुकीच्या नाकाचे सूर्यकिरणही करायचे नाही, असे ठरवून मी खोक्यातले विमान खोक्यातल्याच रंगात करायला घेतले. या निर्णयाचा मला अजून पश्चात्ताप नाही. सूर्यकिरण डोळ्यांसमोर ठेवून किट घेणाऱ्याने मात्र खोक्यावर १३२ किंवा निदान १०० मालिकेचा उल्लेख आहे की नाही, हे आधी पाहावे.

प्लास्टिकच्या जोडकामात फारसे सांगण्यासारखे काही नाही. पंखांचा विस्तार जेमतेम १३ सेंटिमीटर, भाग थोडे, आणि तीन-चार संध्याकाळी बसले की सांगाडा उभा राहतो. पंख जिथे धडाला मिळतात तिथे आणि हवा आत घेणाऱ्या दोन्ही तोंडांपाशी फट राहिली. ती फेविक्विकने भरून, ४०० पासून २००० नंबरपर्यंतच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासली. विमान मागे कलू नये म्हणून नाकात वजन भरावे लागते. त्यासाठी सायकलच्या दुकानातून आणलेले छर्रे उत्तम बसले. पोटाखाली धुराच्या इंधनाची टाकी आहे, ती मात्र नीट पाहून लावावी, कारण प्रदर्शनाच्या विमानाची ती ओळख आहे. इंजिनाच्या गरम झोतात डिझेल सोडले की पांढरा धूर होतो आणि डिझेलमध्ये लाल किंवा निळा रंग मिसळला की त्या त्या रंगाचा. हे डिझेल झोतात सोडणाऱ्या नळ्या एक्झॉस्टच्या तोंडाशी असतात. किटमध्ये त्यांचा नुसता उंचवटा होता. तो कापून मी स्प्रू, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या दांड्यांना जोडलेले येतात त्या, मेणबत्तीवर ताणून केलेल्या बारीक काड्या लावल्या. सगळे मिळून अर्ध्या तासाचे काम, पण मागून पाहताना मॉडेल त्यामुळेच खरे वाटते.

खरी कसोटी लाल रंगाची. लढाऊ विमानाच्या मातकट किंवा करड्या रंगात थोडा खरबरीतपणा, थोडी असमान छटा खपून जाते, नव्हे, शोभतेही. प्रदर्शनाचे विमान धुऊन पुसून चकाकणारे असते आणि त्यावरची प्रत्येक चूक उजेडात दिसते. त्यात लाल रंग फार पारदर्शक. करड्या प्राइमरवर, म्हणजे तळाच्या थरावर, तो विटेसारखा उतरतो, पांढऱ्यावर लखलखीत, आणि जिथे पांढरा विरळ राहिला असेल तिथे ढगासारखे डाग दिसतात. म्हणून करड्या प्राइमरवर आधी पांढऱ्याचे चार-पाच अगदी पातळ हात, मग फिकट गुलाबीचा एक हात आणि त्यावर लाल, हा क्रम मला सर्वांत भरवशाचा वाटला. गुलाबीमुळे लाल लवकर भरतो आणि जाड थर द्यावा लागत नाही.

हे सगळे वाचून, समजून घेऊनही पहिला लाल हात पूर्ण वाया गेला, कारण तो मी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या ऐन उन्हाच्या नऊ दिवसांत दिला. दिवसा ४५ अंश, आणि रात्री नऊ वाजता माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३८. रंग सांगितल्याप्रमाणे दुधाइतका पातळ केला होता, दाब १८ पीएसआय होता आणि हातही बरा फिरत होता. तरी नोझलमधून निघालेला थेंब प्लास्टिकपर्यंत पोहोचेपर्यंत हवेतच सुकत होता आणि पृष्ठभागावर पसरण्याऐवजी कण होऊन बसत होता. दुसऱ्या दिवशी पंखावरून बोट फिरवले तेव्हा बारीक वाळूवरून फिरल्यासारखे वाटले. चकाकीचे नाव नव्हते. शिवाय दर दोन मिनिटांनी एअरब्रशच्या आतल्या सुईच्या टोकावर रंगाचा कडक गोळा धरत होता आणि तो सुटला की लाल ठिपका थेट विमानावर पडत होता. मी आधी एअरब्रशला दोष दिला, नवी सुईही मागवली. एअरब्रशचा काहीही दोष नव्हता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून तीन संध्याकाळी तो सगळा रंग उतरवला.

उपाय दोन निघाले. पहिला म्हणजे वेळ : पहाटे पाच ते साडेसहा, कारण तेवढ्याच वेळात खोली जरा निवलेली असते. दुसरा मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर, ज्यात रंग सावकाश सुकवणारा घटक असतो. त्यामुळे थेंबाला पसरायला अवधी मिळतो आणि सुईच्या टोकावरचा गोळाही जवळजवळ बंद झाला. ज्यांना एप्रिल-मेमध्येच रंगकाम करायचे आहे, त्यांनी इतर कशावर खर्च करण्याआधी या थिनरवर करावा. मात्र त्याची वाफ उग्र असते. सेंद्रिय वाफांसाठीच्या काडतुसांचा मास्क आणि एक्झॉस्ट फॅन यांशिवाय तो वापरू नये. कापडी मास्क येथे काही कामाचा नाही.

कूलरचा प्रश्न स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण तो आपल्या भागातला आहे आणि त्याविषयी कोणी लिहीत नाही. कूलर चालू ठेवून रंगवले तर ताट्यांचे तंतू आणि धूळ ओल्या रंगावर येऊन बसतात, आणि खोलीतली आर्द्रता झपाट्याने वाढते. नागपूरचा मे महिना मुळात कोरडा. पण कूलरपुढच्या खोलीत पावसाळ्यासारखी दमट हवा होते, हे मी साध्या आर्द्रतामापकावर पाहिले. त्याचा परिणाम मला आणखी तीव्रपणे जुलैत भोगावा लागला. दुसऱ्यांदा दिलेला लाल छान उतरला होता. त्यावर लॅकरचा चकचकीत क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, देताना बाहेर पाऊस चालू होता. लॅकरमधले द्रव्य वेगाने उडते, उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्या ओल्या थरावर धरते. पंधरा मिनिटांत सबंध विमानावर राखेसारखी पांढुरकी साय चढली. थिनरचा हलका फवारा देऊन ती काही ठिकाणी गेली, पण पंखाच्या मुळाशी रंग ओघळला आणि पुन्हा सगळे उतरवावे लागले. त्यानंतर माझा नियम झाला की ६० टक्क्यांहून अधिक आर्द्रता असेल, तर क्लिअर कोटची बाटली उघडायचीच नाही.

पावसाळ्याच्या त्या सक्तीच्या विश्रांतीत डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या छापील चित्रांचा, दोष लक्षात आला, ही त्यातली चांगली गोष्ट. धडाच्या बाजूने नाकापासून मागे जाणारा निमुळता पांढरा पट्टा किटमध्ये डिकल म्हणून दिलेला आहे. विमानावर लावण्याआधी प्लास्टिकच्या चमच्यावर लाल रंग देऊन, नको असलेल्या दुसऱ्या विमानाचा पांढरा क्रमांक त्यावर लावून पाहिला. मला तो पांढराच वाटला. माझी आठ वर्षांची मुलगी टेबलाशी आली, चमचा उजेडात धरला आणि म्हणाली, “बाबा, हे पांढरं नाही, गुलाबी दिसून राहिलं.” तिचे बरोबर होते. छपाईतला पांढरा थर पातळ आहे आणि खालचा लाल त्यातून डोकावतो. छोट्या अक्षरांत ते जाणवत नाही, पण धडभर पसरलेल्या पट्ट्यात विमानाची शान जाते. तो पट्टा रंगानेच काढायचा, हे त्याच दिवशी ठरले.

त्यासाठी डिकलच्या पानाची झेरॉक्स काढली, तिच्यावर टॅमियाची मास्किंग टेप चिकटवली आणि खालून दिसणाऱ्या रेषेवरून नव्या ब्लेडने दोन्ही बाजूंचे पट्टे कापले. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, हवा कोरडी आणि खोली २७ अंशांवर असताना, सबंध विमान पुन्हा पांढरे केले, ते तीन दिवस सुकू दिले आणि पट्टे बसवले. येथे एक गोष्ट मोलाची आहे : लाल देण्याआधी टेपच्या कडेवर पांढऱ्याचाच आणखी एक हलका हात द्यावा. टेपखाली झिरपायचे असेल ते पांढरेच झिरपते, फट बुजते आणि नंतरच्या लालला आत जायला वाट राहत नाही. लालचा शेवटचा हात दिल्यावर सुमारे तासाभराने टेप काढली, वर न ओढता मागे दुमडून, अगदी सावकाश. नाकाजवळच्या टोकाशी पट्टा केसाएवढा बारीक होतो. तिथे टेप सुटली आणि खाली पांढरी, धारदार रेघ निघाली. एक मिलिमीटरचा तुकडा फक्त डाव्या बाजूला तुटला होता, तो शून्य नंबरच्या ब्रशने दुरुस्त केला. बाकी डिकल चकचकीत पृष्ठभागावर मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही डिकल बसवणारी द्रावणे वापरून लावले. शेपटीवरचा लाल-पांढरा-निळा भाग पांढऱ्या तळावरच असल्याने रंग शुद्ध राहिले.

एअरब्रश आणि कॉम्प्रेसरविषयी आठ महिन्यांनंतर माझे मत चांगले आहे. कॉम्प्रेसरच्या हवेतले पाणी अडवणारा गाळक दाखवायला असतो असे मला वाटे, पण जुलैत दर अर्ध्या तासाला त्यातून पाणी सोडावे लागले. तो नसलेला कॉम्प्रेसर नागपुरात घेऊ नये. आवाज शिवणयंत्राहून थोडा अधिक आहे, पण टाकीमुळे तो सतत चालत नाही, म्हणून पहाटे शेजाऱ्यांना त्रास झाला नाही. सुई एकदा माझ्या हातून बेसिनवर आपटून वाकली. मेमध्ये विनाकारण मागवलेली सुई तेव्हा उपयोगी पडली. साफसफाईला दर वेळी वीस मिनिटे लागतात आणि ती टाळली तर दुसऱ्या दिवशी चाळीस. नोझल पिळताना जोर मुळीच लावू नये, त्याचे आटे फार नाजूक असतात.

पहिल्यांदाच मॉडेल करणाऱ्याने हे किट घ्यावे का, असे मला दोघांनी विचारले. जोडायला सोपे म्हणून जरूर घ्यावे. रंगवायला सोपे समजून घेऊ नये. एअरब्रश नसेल तर लाल आणि पांढऱ्याचे स्प्रे कॅन वापरून हिवाळ्यात चांगले काम होते. ब्रशने मात्र इतका सपाट लाल माझ्या हातून आला नसता.

पुढचे किट येऊन पडले आहे, ते ग्नॅटचे. हॉकच्या आधी रेड ॲरोज हेच विमान उडवत आणि आपल्या वायुसेनेत १९६५ च्या युद्धात त्याने नाव कमावले, त्यामुळे हॉकच्या शेजारी ते असावे अशी फार इच्छा आहे. तेही लालच होणार. त्याचे कापणे, जोडणे, घासणे मार्चपासून कूलरपुढे बसून करीन, आणि रंगाची बाटली दिवाळी झाल्यावर उघडीन.