एलपीच्या फाइली ओपसमध्ये: पावसाळ्यापासूनचा अनुभव

घरातल्या शास्त्रीय संगीताच्या एलपी मी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरवून ठेवल्या आहेत. २२ मिनिटांच्या एका बाजूची डब्ल्यूएव्ही फाईल ७५० एमबीच्या पुढे जाते. फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता आटवलेली फाईल, केली की बरीच आटते, पण फोनवर सगळा संग्रह घेऊन फिरायचं तर तीही जडच. म्हणून पावसाळ्यापासून लोकलमध्ये मी ओपस ऐकतोय, १२८ केबीपीएसला. एमपी३सारखाच हा आवाजातला काही भाग गाळून फाईल लहान करणारा प्रकार. तीच बाजू २१ एमबीत बसते.

बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारे बिट, केबीपीएसमध्ये) पुरेसा आहे की नाही, याचा निकाल मी तानपुऱ्यावर लावतो. कमी बिटरेटच्या एमपी३मध्ये गळा ठीक वाटतो, पण जवारीतून, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या गुंजेतून, उमटणारे वरचे स्वर पाणचट होतात, मागे काहीतरी बुडबुडत राहतं. विलंबित ख्यालात दोन आलापांमधली जागा तानपुराच भरतो, तिथे हा दोष लपत नाही. ओपसमध्ये तानपुरा भरीव राहिला. फूबार२००० या प्लेअरमध्ये एबीएक्स चाचणी लावली, म्हणजे कुठली फाईल वाजतेय हे न कळता ऐकायचं. फ्लॅक कुठली आणि ओपस कुठली, मला सांगता आलं नाही. एमपी३मध्ये इतकं समाधान मला लेम या एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या व्ही० या सर्वात वरच्या दर्जाच्या सेटिंगलाच मिळालं, आणि तिथे सरासरी २४५ केबीपीएसच्या आसपास जाते.

पण खरी मेहनत फाईल लहान करण्याआधीची. रेकॉर्डवरची टकटक कोडेकला (फाईल लहान करणाऱ्या पद्धतीला) संगीतापासून वेगळी काढता येत नाही, तो तिच्यावरही बिट खर्च करतो. एमपी३मध्ये तर टक् होण्याच्या किंचित आधीच तिचा पुसटसा फुसकारा येतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्रॅमचं टकटक काढणारं क्लिक रिमूव्हल मी हलक्या हातानेच वापरतो, कारण जोर लावला की तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा, ठसका जातो. सरसर काढणारं नॉइज रिडक्शन मात्र मी अजिबात लावत नाही. त्यात जवारीही धुऊन निघते.

जुन्या एचएमव्ही तबकड्यांचा क्रमांक ईएएलपीने सुरू होत असेल तर ती मोनो, ईएएसडी असेल तर स्टिरिओ. मोनो खाचेत संगीत फक्त सुईच्या आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीतून येते ती निव्वळ खरखर. स्टिरिओ पिकअपने उतरवलेले दोन्ही चॅनल एकत्र केले की ही उभी खरखर आपोआप कटते. मग ७२ केबीपीएस मोनोसुद्धा मला पुरतं. मोनो एलपी असतील तर ही एक गोष्ट कराच, फुकटात एवढी सुधारणा दुसऱ्या कशाने होत नाही.

अडचण एकच, गाडीतल्या स्टिरिओची. त्याला ओपस कळत नाही आणि देवनागरीत लिहिलेल्या राग-तालाच्या नावांच्या जागी चौकोन दिसतात. त्यासाठी पेनड्राइव्हवर रोमन नावांचा वेगळा एमपी३ संच ठेवलाय. तो ओपसवरून न करता मूळ फ्लॅकवरून केलाय, म्हणजे एकदा गाळलेलं पुन्हा गाळलं जात नाही.