घाट उतरताना न्यूट्रल की तिसरा गिअर?

मुंबईत नवी गाडी दारात आली की नाशिकच्या किंवा पुण्याच्या पहिल्या फेरीआधी दोन सल्ले हमखास मिळतात. घरातले ज्येष्ठ सांगतात, "उताराला न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतं." गॅरेजवाला सांगतो, "घाटात गिअर काढायचा नाही, ब्रेक जातात." दोघांनीही भरपूर गाडी चालवलेली असते, त्यामुळे कुणाचं ऐकावं हा प्रश्न खराच असतो. मी दोन्ही पद्धतींनी कसारा आणि बोरघाट उतरलो आहे आणि आता एका पद्धतीवर स्थिरावलो आहे. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही नीट ऐकण्यासारखं आहे.

ज्येष्ठांचा सल्ला निराधार नाही. त्यांनी प्रीमियर पद्मिनी चालवली, म्हणजे आपल्या तोंडातली फियाट. तिला कार्बोरेटर होता. उतारावर गाडी गिअरमध्ये असली की चाकं इंजिनाला जोरात फिरवतात. फिरणारं इंजिन हवा ओढतं आणि त्या ओढीबरोबर कार्बोरेटरच्या आयडलिंगच्या वाटेने पेट्रोलही येत राहतं, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसला तरी. न्यूट्रल टाकलं की इंजिन संथ फिरणार, ओढ कमी, पेट्रोलही कमी. त्या गाडीत न्यूट्रलने पेट्रोल वाचत असेल हे मला मान्य आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांची ती सवय अनुभवातूनच आली होती.

२००० सालानंतर प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली आणि हिशोब उलटला. आता पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पूर्ण उचललेला आहे आणि इंजिन आयडलिंगपेक्षा बरंच वर फिरतंय, हे त्याला कळतं. मग तो इंजेक्टर बंदच करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं, पण पेट्रोलचा थेंब जात नाही. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, खाली येऊन हजार-पंधराशेच्या आसपास पोचले की, गाडीगणिक थोडं वरखाली, इंजेक्टर पुन्हा उघडतात. आजच्या डिझेल गाड्याही हेच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला चाकांचा आधार नसतो. बंद पडू नये म्हणून त्याला स्वतःच्या पेट्रोलवर जगावं लागतं.

माझ्या गाडीच्या डिस्प्लेवर त्या क्षणाचा अ‍ॅव्हरेज दिसतो. कसाऱ्याच्या उताराला तिसऱ्यात पाय उचलला की आकडा थेट वरच्या टोकाला जाऊन थांबतो. न्यूट्रल टाकलं की तो खाली येतो. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, आणि तुमच्या गाडीत थोडं वेगळं दिसू शकेल. पण कल कुठे आहे ते डोळ्यांना कळतं.

तरी पैशांपुरतं बोलायचं तर दोन्हींतला फरक किरकोळ आहे. छोटं पेट्रोल इंजिन आयडलिंगला, एसी चालू धरून, तासाला पाऊण ते एक लिटर पितं असं धरू. घाट उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. म्हणजे सगळा वाद पाव लिटरचा, मुंबईच्या भावाने वीस-पंचवीस रुपयांचा. तेवढ्यासाठी कुणी एक पद्धत सोडून दुसरी धरावी असं मला वाटत नाही.

एका ठिकाणी न्यूट्रलचं पारडं खरोखर जड होऊ शकतं. उतार अगदी हलका आणि लांब असेल, फ्लायओव्हरवरून उतरल्यासारखा, तर गिअरमधली गाडी इंजिनाच्या ओढीने मंदावते आणि मध्येच अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो. न्यूट्रलमधली गाडी तेच अंतर आपसूक जाते. तिथे न्यूट्रलने थोडं वाचेल. पण मुंबईत अशा उताराच्या पायथ्याशी बहुधा सिग्नल असतो. पेडर रोडवरून हाजी अलीकडे उतरताना गाडी तशीही थांबवायचीच असते, मग गिअरमध्ये पाय उचलून उतरणंच बरं.

माझा निर्णय मात्र पेट्रोलने केला नाही. माझ्या आईचं माहेर नाशिकचं, आणि आईला गाडी लागते. इगतपुरी मागे पडली की ती खिडकीची काच खाली करते, हातात लिंबू घेते आणि बोलणं थांबवते. न्यूट्रलमध्ये घाट उतरताना ती कसाऱ्याच्या आधीच "जरा बाजूला घे रे" म्हणायची. तिसऱ्यात उतरू लागलो तेव्हापासून हे जवळजवळ थांबलं.

कारण समजायला मला वेळ लागला, पण आहे साधं. न्यूट्रलमध्ये गाडीचा वेग कधीच एका जागी राहत नाही. ब्रेक सोडला की ती सुटते, नकोशी वाटली की आपण ब्रेक दाबतो, वेग पडतो, ब्रेक सोडतो, ती पुन्हा सुटते. चालवणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण पाय त्याचाच असतो आणि पुढे काय होणार ते त्याला आधीच माहीत असतं. मागे बसलेल्याची मान मात्र प्रत्येक वेळी पुढे जाते आणि मागे येते. वळणावर बाजूचा झोल आणि त्यावर हा पुढे-मागे झोल, दोन्ही एकत्र आले की पोट ढवळतं. तिसऱ्यात इंजिन गाडीला मागून धरून ठेवतं. वेग पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास आपोआप टिकतो आणि ब्रेक फक्त वळणाआधी लागतो.

त्यात पुढे ट्रक असला की आणखी पंचाईत. न्यूट्रलमधून परत गिअरमध्ये यायचं तर त्या वेगाला कोणता गिअर बसेल ते ठरवावं लागतं. क्लच सोडताना अंदाज किंचित चुकला तरी गाडी झटका देते. क्लच प्लेटला ते सोसत असेलही, पण मागच्या सीटवरच्या माणसाला नाही सोसत. ज्याच्या घरात कुणाला गाडी लागत असेल त्याने बाकी सगळं बाजूला ठेवून एवढ्यावरच ठरवलं तरी चालेल, असं माझं मत आहे.

आता ब्रेकचं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आणि खोपोली ६० मीटरच्या आसपास. बाराशे किलोची गाडी एवढं उतरते तेव्हा सुटणारी ऊर्जा वीस लिटर पाण्याला उकळी आणू शकेल इतकी असते. त्यातला बराच वाटा हवा आणि टायर खातात. उरलेला कुणीतरी झेलायचा असतो. गिअरमध्ये तो इंजिन आणि ब्रेक वाटून घेतात, न्यूट्रलमध्ये सगळा ब्रेकवर येतो. ब्रेक ऑइल जुनं झालं की हवेतलं पाणी शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनांक खाली येतो. डॉट ४ दर्जाच्या ऑइलची किमान मर्यादा नवीन असताना २३० अंश असते, पाणी शोषल्यावर १५५ अंशांवर येते. चाकापाशी ब्रेक आवळणाऱ्या कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. रिकाम्या हॅचबॅकला एका घाटात इतकं होईलच असं नाही. पण पाच माणसं, डिकी भरलेली आणि पुढे ट्रकांची रांग असेल, तर तो धोका मी पत्करणार नाही. जड वाहनांच्या बाबतीत तर ही चैन नाहीच. उताराला न्यूट्रल करू नका असं घाटात बोर्डांवर लिहिलेलं असतं, ते त्यांच्यासाठी जीवनमरणाचं आहे.

इंजिन चालू ठेवून न्यूट्रल टाकल्याने मॅन्युअल गाडीचं इंजिन किंवा गिअरबॉक्स बिघडतो असं मला वाटत नाही. ती भीती थोडी फुगवलेली आहे. तिसऱ्यात इंजिन आवाज करतं म्हणून ते झिजतं, हीसुद्धा तितकीच फुगवलेली. रेडलाइनच्या, म्हणजे इंजिनाच्या कमाल फेऱ्यांच्या मर्यादेच्या खूप खाली, अडीच-तीन हजार आरपीएमवर, पेट्रोल इंजिन आरामात फिरतं. इंजिन बंद करून उतरणं मात्र कुठल्याही गाडीत, कुठल्याही कारणासाठी करू नका. ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्युम दोन-तीन दाबांत संपतो आणि मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टीअरिंग जातं, आणि चावी काढली तर स्टीअरिंग लॉकही होऊ शकतं.

ऑटोमॅटिक असेल तर लीव्हर एनवर नेण्याचा प्रश्नच ठेवू नका, बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत त्याला मनाई असते. एएमटी गाडी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचेच गिअर आपोआप बदलणारी, डीवर पाय उचलताच वरचा गिअर टाकू शकते, त्यामुळे घाटापुरतं मॅन्युअल मोडमध्ये तिसरा धरून ठेवा. इलेक्ट्रिक गाडीला उतारावर बॅटरीत परत जाणारी वीज न्यूट्रलमध्ये मिळतच नाही.

गिअर धरायचं ठरवलंत तर एवढं पाळा. इंजिन गरम झालेलं असू द्या, थंड इंजिनात पेट्रोल कापलं जाईलच असं नाही. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. तिसऱ्यातही ब्रेक सारखा लागत असेल तर दुसरा टाका. आणि गिअर उतार सुरू होण्याआधी बदला, गाडीने वेग घेतल्यावर नव्हे.