कोपर्निकसचा ३० मीटर डीईएम: दऱ्याकड्यांच्या नकाशाला कितपत पुरतो?

फुकट मिळणाऱ्या उंचीच्या मॉडेलांत (डीईएम, म्हणजे दर चौकोनाला एक उंची देणारी फाइल) आमची पहिली पसंती युरोपच्या कोपर्निकस जीएलओ-३० लाच; याचा एक चौकोन सुमारे ३० मीटरचा. २०११ ते २०१५ मधल्या टॅनडेम-एक्स या जर्मन उपग्रह मोहिमेच्या रडार मोजणीवर तो बेतलेला आहे. २००० साली अमेरिकी अंतराळयानातून मोजलेल्या एसआरटीएम मॉडेलपेक्षा डोंगरधारा आणि सोंडा यात खूपच स्वच्छ उमटतात.

नाशिककरांनी आधी हे बघावं: फाइली एकेका अंशाच्या असतात आणि २० अंश उत्तर रेषा शहरातूनच जाते. त्र्यंबक, अंजनेरी, हरिहर खालच्या फाइलीत, रामशेज वरच्या. दोन्ही उतरवून जोडा. मग क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्शन बदला, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी यूटीएम पद्धत निवडा. आपल्याकडे यूटीएम ४३ उत्तर, ग्रँड कॅन्यनला १२ उत्तर. हे न करता हिलशेड (उठाव दाखवणारं छायाचित्रण) काढलं तर नुसते काळे-पांढरे भडक डाग दिसतात, कारण आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहते. प्रोजेक्शन बदलताना चौकोनांची नव्याने मांडणी होते, त्या रिसॅम्पलिंगला ‘निअरेस्ट’ नको, पट्टे पडतात. ‘बायलिनियर’ घ्या.

खरी अडचण कड्यांवर येते. रडार तिरकं बघतं. समोरच्या कड्याचा माथा पायथ्यावर कलंडल्यासारखा नोंदला जातो, आडबाजूला सावली पडून काहीच नोंदलं जात नाही. या पोकळ्या दुसऱ्या मॉडेलांतून भरलेल्या असतात. कुठे भरल्या ते सोबतच्या ‘एफएलएम’ फाइलीत कळतं. ती उघडल्याशिवाय अरुंद घळीच्या तळाची उंची वापरूच नका. ग्रँड कॅन्यनमधला रेडवॉल चुनखडीचा कडा दीडशे मीटरच्या आसपास. दर २० मीटर उंचीला एक अशा सात कंटूर (समोच्च) रेषा तिथे एकमेकांना चिकटतात आणि कड्याऐवजी जाड तपकिरी फराटा उरतो. हरिहरच्या पायऱ्या तर ३० मीटरच्या एका चौकोनातच गडप होतात. कडा उपग्रहचित्रावरून हातानेच, वेगळ्या चिन्हाने काढावा लागतो.

हे मॉडेल जमिनीचं नसून वरच्या पृष्ठभागाचं आहे. उघड्या वाळवंटी दरीत फारसं बिघडत नाही. सह्याद्रीतल्या दाट रानात मात्र झाडांची उंची मिसळते. शिवाय उंची ईजीएम २००८ ची, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीच्या मॉडेलवरून मोजलेली आहे. जीपीएसची कच्ची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरून मोजलेली असते; ती नाशिक भागात सुमारे ६० मीटर कमी भरते. ती चूक मॉडेलच्या माथी मारू नये.

छपाई १:५०,००० वर करा. १:२५,००० वर एकेक चौकोन १.२ मिलिमीटरचा होतो आणि कंटूर दातेरी दिसतात. ग्रँड कॅन्यनसाठी अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याचा १० मीटरचा डेटा फुकट आहे, तिथे तोच घ्यावा. त्र्यंबकच्या डोंगरांसाठी मात्र आम्ही कोपर्निकसच वापरतो.