सेल्फ एस्टीमसाठी ऑनलाइन थेरपिस्ट: ॲप, स्वतंत्र थेरपिस्ट की फुकटची हेल्पलाइन? कोकणात राहून ठरवायचं असेल तर

गुगलवर 'ऑनलाइन थेरपी' टाकलं की पहिल्या पानावर सगळी ॲपच येतात, सगळ्यांचे फिके निळे-हिरवे रंग, हसणारे चेहरे आणि खाली 'बुक करा', त्यातून आपल्या उपयोगाचं काय कळत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला कळेल मी कुठल्या बाजूने बोलतेय: दापोली, गुहागर, राजापूर, देवगड अशा ठिकाणी राहणाऱ्या आणि 'मी कमीच आहे' या भावनेने हैराण झालेल्या बहुतेक माणसांसाठी मराठीत काम करणारा स्वतंत्र थेरपिस्ट बरा, जो सेशनप्रमाणे पैसे घेतो आणि गरज पडली तर नुसत्या फोनवरही बोलतो. ॲप दुसऱ्या नंबरला. हेल्पलाइन पहिल्या पायरीला उत्तम पण लांबच्या कामाला अपुरी. आता का ते.

आधी कोणाकडे जायचं हा घोळ मिटवू. स्वतःबद्दल कमी वाटणं हा स्वतःहून काही आजार नाही, त्या नावाचं निदानच नसतं, पण ते डिप्रेशनचं लक्षण असू शकतं, खास करून त्या वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या सौम्य प्रकारच्या. म्हणजे त्यासोबत झोप गेलीय, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय असं असेल तर आधी सायकियाट्रिस्ट. तो एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेला डॉक्टर, या तिघांपैकी गोळ्या तोच देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही पण रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्याची नोंद असते आणि ती तुम्हाला आरसीआयच्या वेबसाइटवर नाव टाकून बघता येते, पाच मिनिटांचं काम आहे, कराच. तिसरा कौन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट, एमए किंवा एमएससी केलेला. याच्या लायसन्सची पद्धत डॉक्टरांसारखी पक्की बसलेली नाही आणि खरी गोम इथेच आहे, कारण त्याच पाटीखाली वीकेंडचा कोर्स करून 'लाइफ कोच' आणि 'माइंड हीलर' झालेले पण बसलेले असतात. सेल्फ एस्टीमच्या कामाला चांगला कौन्सेलिंगवाला अगदी पुरतो, फक्त सायकॉलॉजीतली मास्टर्स आहे का आणि तुम्ही कुठल्या पद्धतीने काम करता हे तोंडावर विचारायचं. चिडला तर तेच उत्तर समजा.

पद्धत का विचारायची तर या विषयावर नुसतं 'बोलून मोकळं होणं' फार लांब नेत नाही. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची पद्धत, वापरणारा माणूस काय करतो, तर लहानपणी कुठेतरी 'मी बिनकामाची' असं जे पक्कं बसलंय त्याच्यावर आपण जे नियम रचून ठेवलेत, कोणी नाराज होता कामा नये, चुकलं की संपलं, ते एकेक बाहेर काढायला लावतो, लिहून घेतो, मग आठवडाभरात एखादा नियम मुद्दाम मोडून बघायला सांगतो आणि काय झालं ते विचारतो. आरईबीटी ही दुसरी पद्धत वापरणारा अजून वेगळ्या टोकाने येतो, म्हणजे ती काढणाऱ्या अल्बर्ट एलिसचं म्हणणंच असं की स्वतःला मार्क द्यायचेच कशाला, वागण्याला द्या, माणसाला नको. मराठीत ही पद्धत कि. मो. फडक्यांमुळे विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून कधीचीच आलेली आहे, ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत डॉ. आनंद नाडकर्णींच्या कामातही ती दिसते, त्यामुळे या पद्धतीने मराठीत काम करणारा माणूस शोधला तर मिळतो. मला स्वतःला हे दुसरं जास्त पटतं, पण ते माझं.

आता ॲपवाले. आपल्याकडचे म्हणजे अमाहा (आधी इनरआवर होतं), युअरदोस्त वगैरे, आणि प्रॅक्टोवरही डॉक्टरांसोबत सायकॉलॉजिस्ट सापडतात. फायदा खरा आहे: रात्री अकरा वाजता कोणाला फोन न करता बुक होतं, डिग्री लिहिलेली असते, निदान कोणीतरी कागद तपासलेले असतात, सायकियाट्रिस्ट लागला तर काही ठिकाणी तिथेच मिळतो. लाजाळू माणसाला अनोळखी थेरपिस्टला मेसेज टाकणं हेच डोंगराएवढं असतं, त्याच्यासाठी ही सोय लहान नाही. तोटा असा की माणूस ॲपचा असतो, तुमचा नाही. मी एका ॲपवर सेशन घेत होते, नाव नको, बाईंशी चांगलं जमलं होतं आणि एक दिवस त्या लिस्टमधूनच गायब, कस्टमर केअर म्हणतं 'तुम्हाला तितकाच चांगला दुसरा एक्स्पर्ट देतो', म्हणजे शाळेतलं, बाबांचं, लग्नाच्या बाजारातलं सगळं रामायण पहिल्यापासून. आधीच ज्याला वाटतं की आपण लोकांचा वेळ खातो, त्याला हे परत सांगायला लावणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. आणि पॅकेज! सहा सेशन एकदम घेतली तर इतके टक्के सूट, पण पहिल्याच सेशनला पटलं नाही तर उरलेल्याचं काय हे बारीक अक्षरात.

बेटरहेल्पसारखी परदेशी ॲप पण इथे जाहिरातीत दिसतात. ती माझ्या यादीतून सरळ बाद. पैसे आठवड्याच्या हिशोबाने, आणि दर अमेरिकेचे. आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्यावर कारवाई केली कारण लोकांनी भरलेली मनाच्या तब्येतीची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांच्याकडे गेली होती, ७८ लाख डॉलर द्यावे लागले. शिवाय तिथल्या माणसाला गणपतीत घरभर पाहुणे जमल्यावर मुंबईच्या काकाने सगळ्यांसमोर 'मग काय, सध्या काय करतंस?' विचारलं की पोटात काय होतं हे आधी अर्धा तास समजावत बसा.

भाषेवर थोडी जास्त थांबते. गुहागरकडची माझी एक मैत्रीण, दहावीपर्यंत मराठी मीडियम, पुण्याला नोकरी करून परत आलेली, तिने इंग्लिशमध्ये सेशन घेतली कारण त्या थेरपिस्टचे रिव्ह्यू भारी होते. थेरपिस्ट खरंच चांगली होती. पण ही प्रत्येक वाक्य मनात आधी जुळवून मग बोलायची, चुकलं की गप्प, सेशन संपलं की आपण कसं बोललो याचाच विचार, म्हणजे ज्या भीतीसाठी गेली तीच भीती तिथे तासभर फी भरून करत बसली. आपण स्वतःला मनात जे टोचून बोलतो ते आईच्या, मास्तरांच्या, आत्याच्या आवाजात असतं आणि ते मराठीत असतं, कोणाचं मालवणीत, ते तसंच्या तसं समोर ठेवता आलं पाहिजे. म्हणून फिल्टरमध्ये 'मराठी' टिक करून थांबू नका, पहिल्या कॉलला बघा समोरचा मराठी बोलतो की मराठी समजतं आणि उत्तर हिंदीत देतो. दुसरा पण चालतो काहींना, पण माहीत असू दे. अर्थात तुम्हाला इंग्लिशच मोकळी वाटत असेल, घरची भाषा नकोशीच वाटत असेल, असंही असतं, तर उलट करा.

स्वतंत्र थेरपिस्ट म्हणजे मुंबई, पुणे, ठाणे, कोल्हापूर कुठेही बसून स्वतःची प्रॅक्टिस करणारे. एका सेशनला, म्हणजे पाऊण तास ते पन्नास मिनिटांना, साधारण ८०० ते २५०० रुपये, नव्याने सुरू केलेले त्याहून कमीही घेतात. बरेच जण परिस्थिती बघून फी कमी करतात पण ते स्वतःहून कोण बोलत नाही, विचारावं लागतं, आणि आपल्यासारख्यांना विचारायचीच तर लाज. सोपा उपाय, मेसेजमध्ये विचारा, फोनवर नको. इथे माणूस तोच राहतो, व्हॉट्सॲपवर वेळ बदलता येते, महिन्यातून दोनदा परवडत असेल तर दोनदा. तोटे? शोधायला वेळ जातो, डिग्री तुम्हालाच तपासावी लागते, आणि गोळ्यांची गरज निघाली तर ते दुसरीकडे पाठवणार.

फुकटातलं पहिलं नाव टेली मानस, १४४१६. केंद्र सरकारचं, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, चोवीस तास, वीस भाषांत, मराठी आहेच. साधा फोन लागतो, नेट नको, हे कोकणात किती महत्त्वाचं ते सांगायला नको. दुसरं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं आयकॉल, २०१२ पासून आहे, फोन आणि ईमेल दोन्ही, आणि ज्याला बोलायलाच जमत नाही त्याने ईमेलने सुरुवात करावी असं मी आवर्जून सांगेन, लिहिताना आपण कमी अडखळतो. पण हेल्पलाइनवर परत फोन केलात की तोच माणूस मिळेल याची खात्री नसते, आणि स्वतःबद्दलचं मत बदलायचं काम महिनोन्महिने त्याच माणसासोबत करायचं असतं. त्यामुळे मी याकडे असं बघते की थेरपी म्हणजे काय, मला फोनवर बोलायला जमतं का, हे एक पैसा न घालता कळतं. चॅटबॉट असतात, वायसा वगैरे, ते रात्री विचारांचं चक्र थांबवायला ठीक, त्याला थेरपिस्ट म्हणू नका.

प्रत्यक्ष जायचं तर? रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यात अशी चारच, ठाणे, येरवडा, नागपूर आणि हे. तिथे ओपीडी असते पण आपल्याकडे 'रत्नागिरीला नेलं' म्हटलं की लोक जे समजतात ते समजतात, म्हणून कोणी पाऊल टाकत नाही. चिपळूणकडच्यांना डेरवणचं हॉस्पिटल आहे, सावंतवाडी-दोडामार्गवाले गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला जातात. गोळ्यांचा प्रश्न असेल तर हेच करा, ऑनलाइनच्या नादी लागू नका, आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर ही सगळी तुलना बाजूला ठेवून आत्ता १४४१६ लावा किंवा जवळच्या माणसाला घेऊन दवाखाना गाठा. पण नुसत्या सेल्फ एस्टीमसाठी दर आठवड्याला एसटीने अख्खा दिवस घालवायचा आणि वेटिंगमध्ये आत्याची नणंद भेटायची, हे दोन महिन्यांत बंद पडतं. डिप्रेशन आणि चिंतेवर ऑनलाइन सेशनही समोरासमोरच्या जवळपास तितकीच लागू पडतात असं अभ्यासात दिसलंय, तेव्हा त्याची खंत नको.

खरी अडचण वेगळीच. घर. कौलारू घरात खोल्यांच्या भिंती आढ्यापर्यंत जातच नाहीत, माजघरात बोललेलं पडवीत ऐकू येतं, आणि तुम्हाला आईबद्दलच बोलायचं असतं. काही जण सड्यावर जातात, रेंज पण तिथेच असते, पण जून ते सप्टेंबर विसरा. गाडीत बसून घेणारे आहेत. मला सर्वात आवडलेला उपाय एकाने सांगितला: मुंबईकरांची बंद घरं, ज्यांच्या चाव्या आपल्याकडेच असतात, झाडलोट करायला जातो सांगून तासभर. मे महिना आणि गणपती सोडून वर्षभर चालतं. म्हणून थेरपिस्ट निवडताना व्हिडिओचाच आग्रह धरणारा नको, ऑडिओवर चालेल म्हणणारा हवा, एका काडी रेंजवर पण साधा फोन होतो. आणि लाइट गेली, नेट गेलं, तर ते सेशन धरणार की पुढे ढकलणार हे आधीच विचारा, कारण बऱ्याच जणांचा चोवीस तास आधी कळवा नाहीतर पूर्ण फी असा नियम असतो आणि महावितरण काही चोवीस तास आधी कळवत नाही. अजून एक, बाबांच्या खात्यावरून जीपे करत असाल तर त्यांच्या मोबाइलवर मेसेज जाणार. अठराच्या वर असाल तर तुमचं बोलणं घरी न सांगणं हे मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये पण आहे, अठराच्या खाली असाल तर आईवडिलांची संमती लागते.

पटतंय की नाही हे कळायला तीन-चार सेशन द्या. स्वतःबद्दल काय वाटतं हे मोजणारी रोझेनबर्गची दहा प्रश्नांची यादी आहे, १९६५ ची, नेटवर मिळते, सुरू करताना भरून ठेवा आणि दोन महिन्यांनी आधीची न बघता परत भरा. मूड आज बरा म्हणून थेरपी लागू पडली असं वाटतं ना, ते त्यात जरा कळतं. काहीच हललं नसेल तर थेरपिस्टला तसं सांगायचं. हे सांगायला जमलं तर तोही अर्धा अभ्यासच झाला.

पहिल्या मेसेजचं लोकांना फार टेन्शन येतं म्हणून देऊन ठेवते, नाव बदलून टाका:

'नमस्कार, मी अमुक, वय इतकं, रत्नागिरी जिल्ह्यातून. स्वतःबद्दल सतत कमी वाटतं, त्यासाठी ऑनलाइन सेशन घ्यायची आहेत. तुम्ही मराठीत सेशन घेता का? सायकॉलॉजीतलं शिक्षण कुठलं आणि कुठल्या पद्धतीने काम करता? फी किती, त्यात काही कमी होऊ शकते का? आमच्याकडे नेटचा प्रॉब्लेम असतो, ऑडिओ कॉल चालेल का?'

एवढंच. माफी वगैरे मागायची नाही त्यात, 'तुमचा वेळ घेतेय सॉरी' तर अजिबात नाही. एकदम तिघांना पाठवा, जो आधी नीट उत्तर देईल त्याच्यासोबत एकच सेशन बुक करा, पॅकेज नको.